पुढच्या डिफमधून घूं-घूं आवाज, बेअरिंग टाकू की अख्खा डिफ बदलू? (फुलटाइम फोर बाय फोर)

संत्रावाला_वरुड:

नमस्कार मंडळी. गाडी 2011 ची जपानी एसयूव्ही आहे, 2.4 पेट्रोल, मॅन्युअल, फुलटाइम फोर बाय फोर. नॉबवर 4एच (हाय), 4एच लॉक, न्यूट्रल अन् 4एल (लो) लॉक एवढंच, टू व्हील ड्राइव्हवर टाकायची सोयच नाही. सेकंड हँड घेतलेली, आधीच्या मालकानं डिफचं (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) तेल कधी बदललं होतं काही पत्ता नाही.

पोळ्याच्या आधीपासून पुढून आवाज येऊन राहिला. 40 ला सुरू होतो, 60-70 ला सगळ्यात जास्त, पायाखालून घूंऽऽऽ असा एकसारखा, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतो, सोडला की सूर बदलतो पण पूर्ण बंद होत नाही. ब्रेकनं फरक नाही, क्लच दाबला तरी फरक नाही. स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर कटकट वगैरे काही नाही.

आमचा मळा नदीकडच्या अंगाला आहे, मधात नाला लागतो, अन् यावर्षी पांदणीत एवढा गारा (चिखल) होता की ट्रॅक्टर नाहीतर ही गाडी, तिसरं काही जातच नव्हतं. नाल्यातून बंपरच्या खालच्या काठापर्यंत पाण्यातून काढली आहे, बरेचदा.

अमरावतीच्या एका वर्कशॉपमध्ये दाखवली तर त्यांनी एक चक्कर मारली अन् सांगितलं पुढचा डिफ गेला, नवीन असेंब्ली बाहेरून मागवावी लागेल, दीड लाखाच्या पुढे जाईल. गाडी उचलली नाही, तेल पाहिलं नाही, काहीच नाही. गावातला मिस्त्री म्हणतो व्हील बेअरिंग आहे, दोन्ही बाजूचे टाकून देतो. आता कोणाचं ऐकू? आंबिया बहाराचा संत्र्याचा माल तोडणीला आलाय, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. नेमकं कुठून येऊन राहिलं हे घरी कसं ओळखता येईल, अन् तोवर चालवली तर धोका किती?

काळीमाती_दारव्हा:

भाऊ, आधी पैसे कोणालाच देऊ नका. गाडीच्या पुढच्या भागात घूं करणाऱ्या चार गोष्टी असतात, टायर, व्हील बेअरिंग, डिफ, अन् ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर वाटणारा डबा) ते डिफचा प्रॉपशाफ्ट (फिरणारा लांब दांडा), आणि चौघांचा आवाज गाडीत बसून जवळपास सारखाच वाटतो कारण लोखंडातून आवाज कुठूनही कुठेही जातो.

टायरचं सगळ्यात सोपं. डांबरी रोडवरून सिमेंट रोडवर जा, आपल्याकडे आता दोन्ही भरपूर आहेत, आवाजाचा पोत बदलला तर टायर. नाही बदलला तर पुढे चला.

व्हील बेअरिंगसाठी रिकाम्या, मोठ्या रस्त्यावर 50-60 ला गाडी हळूच डावीकडे मग उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, अन् उलट. दोन्हीकडे काहीच फरक नसेल तर बेअरिंगवर खर्च करायची घाई नको. तुम्ही सांगितलं की अ‍ॅक्सिलरेटरनं आवाज बदलतो, हे महत्त्वाचं आहे, कारण व्हील बेअरिंगला इंजिन ओढतं आहे की गाडी घरंगळते आहे याचं फारसं घेणंदेणं नसतं. डिफच्या दातांना अन् पिनियनच्या (प्रॉपशाफ्टनं फिरणारा डिफमधला छोटा गिअर) बेअरिंगला असतं.

आणि 70 वर गाडी न्यूट्रलला टाकून घरंगळू द्या. इंजिन आयडलवर आलं तरी आवाज स्पीडप्रमाणेच राहिला तर इंजिन-क्लच बाजूला झाले.

मिस्त्री_परतवाडा:

वरुडवाले भाऊ, तेल पाहिल्याबिगर कोणी डिफ गेला म्हणत असन तर त्याचं ऐकू नोका. तेल सगळं सांगते.

पयले भराईचा बोल्ट खोलजा, मंग सांडाईचा. उलटं केलं अन् भराईचा बोल्ट जाम निंगाला तर बिना तेलाची गाडी तशीच उभी राह्यते, ट्रकवर टाकून आणा लागते मंग. तेल गरम असताना साफ भांड्यात सांडवा. सांडाईच्या बोल्टले चुंबक असते, त्याच्यावर बारीक काळं-करडं लोणचट लागलेलं असन तर घाबराचं काम नाही, ते सगळ्याच गाड्यात भेटते. पण चमकणारे पापुद्रे, कपचे, नाहीतर नखाले टोचन असा तुकडा भेटला तर बेअरिंग नाहीतर दात गेलाच समजा. अन् तेल दुधाच्या चहासारखं निंगालं तर पाणी घुसलं आहे, मंग बाकीची कहाणी सांगाचं काम नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवजा. फुलटाइम गाडी आहे, तिचे समोरचे दोनच चाकं जॅकवर उचलून गिअर टाकू नोका. मांगचे चाकं जमिनीले लागले की गाडी जॅकवरून उडी मारते. उचलाची तर चारही चाकं, अन् स्टँडवर, विटा-लाकडाच्या ठोकळ्यावर नाही. मंग एक जण गाडीत बसून हळूच चालवन, तुम्ही बाजूले बसून लांब पेचकस कानाले लावा, दुसरं टोक डिफच्या हौसिंगले. प्रॉपशाफ्ट जिथं डिफमधी घुसते तिथं पयले, मंग डाव्या-उजव्या बाजूले जिथून शाफ्ट निंगते तिथं, मंग चाकाच्या नकलवर (हब ज्याच्यात बसते तो भाग). जिथं कानात खरखर जास्त, तिथंच रोग. बाह्या, दुपट्टा सगळं आवरून बसजा, फिरता शाफ्ट कोणाले सोडत नाही.

एनजीपी_गिअर:

मिस्त्री काकांनी सांगितलं ते अगदी बरोबर, त्यात थोडी भर. पिनियनच्या बेअरिंगचा सूर व्हील बेअरिंगपेक्षा वरचा का असतो ते हिशोबानं पाहा. 225/65 आर17 टायरचा घेर साधारण 2.27 मीटर, म्हणजे 60 च्या स्पीडला चाक मिनिटाला 440 च्या आसपास फिरतं. डिफचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे) 4 च्या जवळपास धरला तर पिनियन त्याच वेळी 1750 च्या वर फिरत असतो. एकाच डिफमध्ये क्राउनच्या (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) बाजूचे बेअरिंग चाकाच्या स्पीडनं अन् पिनियनचे चौपट स्पीडनं. म्हणून जाड घरघर असेल तर साइड बेअरिंग किंवा व्हील बेअरिंग, अन् बारीक हुंकारासारखा सूर असेल तर पिनियनकडे आधी पाहायचं. फक्त ओढताना किंवा फक्त सोडल्यावर आवाज येत असेल तर दातांची झीज, दोन्ही वेळी येत असेल अन् सूर फक्त बदलत असेल तर पिनियन बेअरिंगचा ताण गेलेला. तुमचं वर्णन दुसऱ्यात बसतं.

अजून एक चाचणी. पुढचा प्रॉपशाफ्ट खोलून बाजूला काढा, 4एच लॉकवर टाका, फक्त मागच्या चाकांवर गाडी चालेल. लॉक विसरायचं नाही, कारण मधला डिफ (ट्रान्सफर केसमधला) मोकळा राहिला तर सगळा जोर त्या रिकाम्या तोंडाकडे निघून जातो. काढताना फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडतात ती चकती) पेंटनं खुणा करा, म्हणजे शाफ्ट जसाच्या तसा बसेल. ट्रान्सफर केसच्या बाजूला स्प्लाइन (खाचांचा सरकता जोड) असेल तर तिथून तेल गळू शकतं, ते तोंड बंद करायची सोय आधीच करून ठेवा.

पण याचा अर्थ नीट लावा, इथं पुष्कळ लोक फसतात. प्रॉपशाफ्ट काढला म्हणजे पुढचा डिफ थांबला असं नाही. चाकं एक्सेल शाफ्टमधून क्राउनला फिरवतच राहतात अन् क्राउन पिनियनला. फक्त त्यावरचा जोर जातो. आवाज जसाच्या तसा राहिला तर व्हील बेअरिंग, एक्सेल किंवा डिफची साइड बेअरिंग, अन् खूप कमी झाला किंवा अ‍ॅक्सिलरेटरनं बदलायचा बंद झाला तर पिनियन, प्रॉपशाफ्टचे क्रॉस (टोकाचे सांधे) किंवा ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड. क्रॉस हातानं हलवूनच कळतात.

धोक्याचं विचारलं होतं म्हणून सांगतो, पिनियन बेअरिंग जाम झालं तर चालत्या गाडीची पुढची चाकं अडकू शकतात. तेल पाहीपर्यंत हायवेवर नेऊ नका, मोर्शी-अमरावती तर नकोच.

संत्रावाला_वरुड:

सगळ्यांचे मनापासून आभार, रविवारी चुलतभावाला सोबत घेऊन सगळं केलं.

सिमेंट-डांबर, काही फरक नाही. डावी-उजवी झुलवून पाहिली, काही फरक नाही. न्यूट्रलला आवाज राहतो. तेल सांडवलं अन् मिस्त्री काकांनी सांगितलं तेच, अगदी तसंच घट्ट दुधाळ, अन् भराईच्या तोंडापर्यंत असायला पाहिजे होतं त्याच्यापेक्षा बरंच कमी. चुंबकावर पापुद्रे, बोटात घेतले तर चमकतात. पेचकस लावला तर प्रॉपशाफ्टच्या तोंडाशी खरखर कानात दुखेल एवढी, चाकांकडे अन् बाजूला शांत. प्रॉपशाफ्ट काढून 4एच लॉकवर गावापर्यंत चालवली, तो घूं जवळजवळ गेला, बारीक घरघर फक्त राहिली. क्रॉस दोन्ही टाइट आहेत. पिनियनची फ्लँज हातात धरून आतबाहेर ओढली तर हलते, डोळ्याला दिसेल एवढी.

म्हणजे पिनियन बेअरिंग, असं मी समजतो. आता प्रश्न असा की नुसते बेअरिंग टाकू, की डिफच बदलू? दोन्ही ऐकलंय. सध्या प्रॉपशाफ्ट काढूनच ठेवलाय अन् क्रेट वाहायला भावाची बोलेरो वापरून राहिलो.

मिस्त्री_परतवाडा:

आतबाहेर हलते म्हणजे बेअरिंग संपला. आता खोलूनच कळन. मी असतो तर खोलून क्राउन-पिनियन पाह्यला असता अन् दात साफ असते तर दोन पिनियन बेअरिंग, दोन साइड बेअरिंग, तिन्ही सील अन् क्रश स्लीव्ह (दबून पिनियन बेअरिंगचा ताण धरणारी नळी) टाकून बांधला असता. पार्टचा खर्च असेंब्लीच्या मानानं काहीच नाही. क्रश स्लीव्ह जुना घालाचा नाही, तो एकदाच दाबल्या जाते. पिनियनचा नट थोडा-थोडा कसत जाचं अन् दर वेळी फिरवून ताण पाहाचा, एकदा जास्त कसला तर मांगं ढिला करून जमत नाही, नवा स्लीव्हच लागते. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजनं पाह्यला पाह्यजे, अंदाजानं नाही.

आपल्या भागात अडचण एवढीच की डायल गेजवाला मिस्त्री भेटला पाह्यजे. हातोडीनं बेअरिंग ठोकणारा असन तर त्याच्यापेक्षा जुना डिफ आणून लावलेला बरा.

एनजीपी_गिअर:

काकांशी इथं थोडा वाद घालतो, आदर ठेवूनच. पाण्यात काम केलेल्या डिफमध्ये फक्त बेअरिंग बदलून समाधान मिळायची शक्यता कमी. कारण असं, बेअरिंग झिजलं की पिनियन आपल्या जागेवरून सरकतो, दात चुकीच्या जागी घासतात अन् त्या चुकीच्या जागी एकमेकांना झिजवून घेतात. नवीन बेअरिंग टाकल्यावर पिनियन जुन्या जागी येतो, पण दात आता नव्या जागेला जुळलेले असतात. मग काम सगळं नीट करूनही गाडी कुईं करत राहते अन् मालक म्हणतो मिस्त्रीनं फसवलं. दातावर रंग लावून फिरवायचं अन् ठसा पाहायचा, ठसा दाताच्या मधोमध आला तर बेअरिंगवर काम करा, काठाला किंवा टोकाला आला, किंवा दातावर गंजाचे खड्डे दिसले, तर क्राउन-पिनियनची जोडी लागेल. जोडीच, एक दुसऱ्याशिवाय बदलत नाहीत, कारखान्यातच जोडीनं घासून जुळवलेले असतात. आणि जोडी घ्यायची वेळ आली तर चांगला वापरलेला डिफ स्वस्त पडतो.

वापरलेला घेताना रेशो. हे सगळ्यात महत्त्वाचं. पुढचा अन् मागचा रेशो एकच असला पाहिजे, नाहीतर पुढची अन् मागची चाकं सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या वेगानं फिरायला पाहतील, मधला डिफ सतत काम करत राहील अन् लॉकवर टाकला तर काहीतरी तुटेलच. मॅन्युअल अन् ऑटोमॅटिकचा, एका इंजिनचा अन् दुसऱ्या इंजिनचा रेशो बरेचदा वेगळा असतो. पार्टवाला सगळं सेमच आहे म्हणेल, ऐकू नका. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, मोजा. मोजता येत नसेल तर फ्लँज हातानं फिरवा, एका बाजूचं तोंड धरून ठेवा, अन् दुसऱ्या बाजूचे दोन पूर्ण फेरे व्हायला फ्लँज किती फेरे घेते ते मोजा, तो आकडाच रेशो. एक बाजू धरली की दुसरी दुप्पट फिरते म्हणून दोन फेरे.

बाकी पाहणी तुम्हाला आता येतेच, फ्लँज आतबाहेर हलायला नको, फिरवताना कुठं खडा लागल्यासारखं व्हायला नको, तेल सांडून पाहायचं. अन् पुरात बुडालेल्या गाडीचा नको, कितीही स्वस्त असला तरी.

काळीमाती_दारव्हा:

मला एकच सांगायचंय अन् ते सगळ्यात जास्त सांगायचंय. पाणी कुठून गेलं हे शोधल्याशिवाय नवा डिफ लावू नका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हाच प्रश्न परत विचाराल.

डिफ चालून गरम होतो, आतली हवा पसरते अन् ब्रीदरमधून बाहेर जाते, त्याच्यासाठीच ब्रीदर असतो. तसाच गरम डिफ नाल्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते अन् डिफ श्वास आत ओढतो. ब्रीदरचं तोंड पाण्याखाली असलं तर हवेऐवजी पाणी आत जातं. ब्रीदर गाऱ्यानं बुजलेला असला तर आणखी वाईट, मग सीलच्या ओठातून ओढतो, कारण सील आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेला असतो, बाहेरचं पाणी ओढून धरायला नाही. आपल्या काळ्या मातीचा गारा वाळला की सिमेंटसारखा बसतो, ब्रीदरची टोपी हातानं फिरते का तेवढं पाहा.

उपाय स्वस्त आहे. ब्रीदरला तेल सोसणारा रबरी पाइप लावून इंजिनच्या कप्प्यात वर, एअर फिल्टरच्या उंचीला न्या, टोकाला साधा छोटा फ्युएल फिल्टर लावा. मागच्या डिफलाही करा, गिअरबॉक्स अन् ट्रान्सफर केसचा ब्रीदर कुठे आहे तेही पाहा. अन् नाल्यात घालायच्या आधी पाच-दहा मिनिटं गाडी उभी करा, डिफ थोडा निवू द्या. शेतकऱ्याला तेवढा वेळ असतोच असं नाही, पण जमेल तेव्हा.

तुमचा पुढचा डिफ दुधाळ निघाला म्हणजे मागचं तेलही सांडून पाहाच, आजच.

संत्रावाला_वरुड:

मागचं पाहिलं, तेल काळं आहे पण दुधाळ नाही, बदलून टाकलं. ट्रान्सफर केसचंही.

पुढचा डिफ काकांकडे परतवाड्याला नेऊन खोलला. दोन्ही पिनियन बेअरिंग गेलेले, पुढच्याची रिंग खवल्यासारखी उचकटलेली. क्राउनच्या दातांवर गंजाचे ठिपके अन् रंगाचा ठसा पार काठाला. काकांनी स्वतःच सांगितलं की याच्यावर बेअरिंगचे पैसे घालू नोको. नागपूरला एका जुन्या पार्टवाल्याकडे त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीचा डिफ मिळाला, एनजीपी भाऊंनी सांगितल्याप्रमाणे दुकानातच बसून रेशो मोजला, मागच्याशी जुळला. तेल साफ होतं, फ्लँज घट्ट. तरी तिन्ही सील नवीन टाकले. नव्या असेंब्लीच्या मानानं खर्च खूप कमी आला.

काका, काढताना-लावताना तुम्ही जे सांगत होते ते इथं लिहून टाका ना, दुसऱ्या कोणाला कामात येईल.

मिस्त्री_परतवाडा:

लिहितो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. खालचा गार्ड, मंग तेल, मंग चाकं. हबचा नट मोकळा कराचा तर चाक जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून, वर उचलल्यावर तो ऐकत नाही. टाय रॉड अन् खालचा बॉल जॉइंट सोडला की नकल बाहेर येते अन् एक्सेल शाफ्ट हबमधून निंगते. डिफच्या बाजूनं शाफ्टले आतमधी क्लिप असते, पेचकस नाहीतर टॉमीनं बरोबर बसून झटका द्याचा, रबरी बूट धरून ओढाचा नाही, नाहीतर आतला जॉइंट मोकळा होते. एबीएसची वायर आधी सोडा, लोकं विसरतात अन् तोडतात. ब्रेकचं कॅलिपर तारेनं बांधून ठेवा, पाइपवर लटकू देऊ नोका.

प्रॉपशाफ्टच्या खुणा झाल्याच होत्या. ब्रीदर पाइप, अन् डिफवर कोणती वायर असन तर ते. मंग डिफच्या खाली ट्रॉली जॅक, अन् माउंटिंगचे बोल्ट सगळ्यात शेवटी. वजनदार आहे, एकट्यानं झेलाचा नाही. माउंटिंगचे रबर तडकलेले असन तर आताच बदला, नंतर तेवढ्यासाठी अख्खं परत खोला लागते, अन् फाटक्या रबरानं गिअर टाकताना ठक्क आवाज येते तो वेगळाच.

लावताना शाफ्टची क्लिप नवी, सीलच्या ओठाले तेल लावून मंग शाफ्ट घुसवाचा, सरळ, स्प्लाइननं ओठ कापला तर उद्याच गळन. बसला की क्लिपचा टक्क आवाज येते, मंग ओढून पाहाचा. हबचा नट नवा, टॉर्क रेंचनं, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. तेल जीएल-5 दर्जाचंच, कारण डिफचे दात एकमेकांवर घसरत चालतात, जीएल-4 त्याले पुरत नाही. सपाट जागेवर गाडी उभी करून भराईच्या तोंडातून तेल बाहेर यायले लागेपर्यंत भराचं.

गाडीची अलाइनमेंट करून घ्या, टाय रॉड सोडला होता.

संत्रावाला_वरुड:

सगळं तसंच केलं, ब्रीदर पाइप दोन्ही डिफचे वर एअर फिल्टरपाशी नेले. काल मोर्शीपर्यंत जाऊन आलो, 80 वर पण गाडी शांत. एक शंका, चारही टायर एकसारखे नाहीत माझे, पुढचे नवे अन् मागचे बरेच झिजलेले, त्याचा यात काही हात असेल का?

एनजीपी_गिअर:

पाण्यानं गेलेल्या बेअरिंगमध्ये नाही, पण पुढे त्रास देईल. झिजलेल्या टायरचा घेर कमी, म्हणून मागची चाकं जास्त फिरतात अन् मधला डिफ सरळ रस्त्यावरही कामाला लागतो, 4एच लॉकवर डांबरी रोडला तर गाडी ओढल्यासारखी चालेल. मागचे दोन्ही बदला, त्याच साइजचे अन् शक्यतो त्याच पॅटर्नचे, अन् मग पुढे-मागे अदलाबदल करत राहा म्हणजे चारही बरोबर झिजतील.

काळीमाती_दारव्हा:

आणि नव्या डिफचं तेल हजारेक किलोमीटरनंतर एकदा सांडून पाहा, वापरलेलं युनिट आहे, चुंबकावर काय येतं ते कळेल. पावसाळ्यात नाल्यातून जाणं होतं म्हणून पावसाळा संपला की दरवर्षी तेल बदला, पुस्तकात किती किलोमीटर लिहिलंय ते बाजूला ठेवा, ते कोरड्या रस्त्यासाठी आहे.

मिस्त्री_परतवाडा:

माउंटिंगचे बोल्ट अन् प्रॉपशाफ्टचे फ्लँज बोल्ट पण एक डाव पाहून घेजा, पाच-सातशे किलोमीटर झाले की. अन् जुना डिफ भंगारात देऊ नोका, हौसिंग चांगलं आहे त्याचं, क्राउन-पिनियनची जोडी कोठी भेटली तर मी बांधून देतो, दुकानात पडून राहू द्या.